पिवळ्या पोकलेनचं अर्थिंग

दसऱ्यापासून त्या दगडखाणीतला रस्ता फक्त खाली जात होता. चढायला लागलेला माणूस दोन वळणं घेऊन पुन्हा तळाशी, बंद पडलेल्या पोकलेनपाशीच येऊन पोचायचा. ऑपरेटर गैबी मुलाणी अकरा दिवस चढत होता. त्याची बायको जुबेदा रोज दुपारी काठावरून दोरीने जेवणाचा डबा सोडायची. डबा खाली यायचा, पण रिकामा डबा काही केल्या वर जायचा नाही. हाकाही वर जात नव्हत्या.

बाराव्या दिवशी सकाळी लहानूतात्या मशीन दुरुस्त करायला खाली उतरले. चाळीस वर्षं जड मशिनांचं वायरिंग केलेला माणूस. रस्त्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उतरता उतरता त्यांनी मागे वळून पाहिलं, तर मागचा रस्ताही खालीच येत होता.

"तात्या, तुम्ही कशाला आलासा?" गैबी म्हणाला. "आता दोघं अडकलो."

"मशीन कुठं अडकलंय ते आधी बघू. हे वर चढलं, तर रस्त्यालाही चढावंच लागेल. मार चावी."

गैबीने चावी फिरवली. स्टार्टरने 'टक' केलं आणि तो गप्प बसला. त्याबरोबर खाण एका वळणाने खोल झाली. वरचं आभाळ परातीएवढं होतं, ते ताटाएवढं झालं.

"दर टकला असंच हुतंय. पयल्या दिवशी म्या लई येळा मारली."

"शहाणाच आहेस. आता मी सांगेन तेव्हाच मारायची."

तात्यांनी मीटर काढला. दोन्ही बॅटऱ्या मिळून पंचवीस व्होल्ट. म्हणजे बॅटऱ्या भरलेल्या होत्या. पुढची तपासणी मात्र चावी मारल्याशिवाय होत नाही. त्यांनी स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड केबलला मीटरच्या पिना लावल्या. टक. केबल चांगली निघाली, आभाळ वाटीएवढं झालं. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. टक. जिथे जवळजवळ शून्य हवं, तिथे मीटरने वीस व्होल्ट दाखवले. आभाळ सदऱ्याच्या गुंडीएवढं उरलं.

"ऐक," तात्या म्हणाले. गावच्या शाळेत पोरांना सेल आणि बल्ब दाखवताना लावायचे तोच आवाज. "करंट बॅटरीतून निघतो, स्टार्टर फिरवतो आणि इंजिनाच्या अंगातून बॅटरीत परत येतो. परत यायला वाट नसेल तर तो निघतच नाही. इथं जायची वाट ठीक आहे. यायची बंद आहे. ती अर्थिंगच्या बोल्टातून येते. त्याला कुणी हात लावला?"

गैबीने मान खाली घातली. "खंडेनवमीला मशीन पूजेसाठी रंगवलं. बोल्ट काढला तर खालचं लोखंड उघडं. बरं दिसंना. तिथंबी ब्रश फिरवला."

"आणि वरून बोल्ट आवळलास."

"चांगला घट्ट."

तात्यांनी बोल्ट काढला आणि कानस चालवली. पिवळ्या रंगाखाली पिवळाच रंग निघाला. त्याखालीही पिवळाच. कानशीतून गळणारा कीसदेखील पिवळा होता. बोल्टाला वगळून जोडायची जादा केबल वर राहिली होती, तात्यांच्या स्कूटरच्या डिकीत.

"केबलच्या जागी मी धरतो की," गैबी म्हणाला. त्याने हात पुढे केले. ते कोपरापर्यंत पिवळे होते.

तात्यांनी त्याच्या दोन्ही तळहातांना पिना लावल्या. काटा हलला नाही. मग त्यांनी पिना स्वतःच्या तळहातांना लावल्या. काटा सरकला. त्यांनी मीटर नीट पिशवीत ठेवला, बाह्या दुमडल्या आणि ते बॉनेटवर आडवे झाले. एक हात बॅटरीच्या निगेटिव्हवर, एक हात इंजिनाच्या बोल्टवर.

"तात्या, झटका बसंल!"

"चोवीस-पंचवीस व्होल्टनं काय होतंय? एकदाच मार. आणखी एक टक झाली, तर आभाळ राहायचं नाही."

"थांबा." गैबीने अकरा रिकामे डबे गोळा करून बकेटमध्ये टाकले. "हे मागं ठिवून गेलो तर जुबेदा घरात घ्यायची न्हाई."

"झालं? मार."

स्टार्टर फिरला. इंजिन धडधडलं आणि पोकलेन निघालं. तात्यांचा एक हात जरा सैल पडला, तसा रस्ता लगेच खाली कलला. त्यांनी पुन्हा घट्ट धरलं. रस्ता वर जाऊ लागला. गुंडीची वाटी झाली, वाटीचं ताट झालं. बकेटमध्ये डबे वाजत होते.

"शेवटचं वळण, तात्या!" गैबी केबिनमधून ओरडला. "पोचलोच! सोडा आता हात!"

तात्यांनी बोल्टवरचा हात ओढून पाहिला; तो निघाला नाही. बोटं कुठे संपतात आणि बोल्ट कुठे सुरू होतो, ते दिसत नव्हतं. दोन्हींवरून पिवळा रंग सारखा फिरला होता, आणि तो ओला होता. काठावर जुबेदाच्या बांगड्या वाजल्या. दोरीला बांधलेला बारावा डबा त्यांच्या शेजारून सावकाश खाली गेला.