पाठराखीण

टरफल नेमकं ओळीवर पडलं. हिरवं, आतून ओलसर, कडेला एक तपकिरी ठिपका असलेलं तुरीच्या शेंगेचं टरफल – आणि एलेनने डोळे नीट मिटलेच नव्हते म्हणून तिला ते उडून येतानाही दिसलं. उघड्या पवित्र शास्त्राच्या, बायबलच्या, पानावर ते जरा डुललं आणि थांबलं. उचलावं की राहू द्यावं... उचललं तर प्रार्थना चालू नव्हती हे कबूल केल्यासारखं होईल. राहू दिलं तर डोळे पुन्हा पुन्हा तिकडेच जाणार. एवढ्यात शेजारून एक खरखरीत हात आला, टरफल घेऊन गेला, आणि पितळी ताटात दाणे पुन्हा पडू लागले – थांबून थांबून, कोणाची तरी झोप मोडू नये अशा बेताने.

मनकर्णाबाई आजही आल्या होत्या. घरमालक किसनरावांच्या आई त्या. ज्या पुढच्या खोलीत एलेन राहत होती ती त्यांच्याच घरची. रोज उजाडता उजाडता, एलेन खोलीपुढच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसली की त्या काहीतरी निवडायला, सोलायला घेऊन येत आणि हातभर अंतरावर टेकत. बोलत नसत. उठतही नसत.

मलकापूरच्या मिशन बंगल्यातल्या मोठ्या बाईंचा नियम होता, की परदेशातून आलेल्या नव्या मुलीने आधी बंगल्यात उतरायचं नाही. पहिले दिवस खेड्यात, एखाद्या घरी, एकटीने काढायचे – तेच पहिलं शिक्षण. म्हणून सोमवारी आगगाडीतून उतरल्या उतरल्या तिला इथे, धामणगाव बढ्याला आणून सोडलं होतं. जाताना मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, ‘भाषा चुकली तरी चालेल, जेवण सांडलं तरी चालेल. सकाळचा प्रार्थनेचा तास मात्र चुकवू नकोस. तुझा आणि त्याचा. तिसरं कोणी नको. शनिवारी येईन तेव्हा पहिल्यांदा तेच विचारीन.’ आज शनिवार होता, आणि तो तास एकदाही मिळाला नव्हता.

प्रयत्न केला नाही असं नाही. एका सकाळी ती माडीवर गेली, तर शेजारच्या अमीनाने आपल्या गच्चीवरून वाकून पाहिलं, वाळत घातलेल्या मिरच्या तशाच टाकून ती कठडा ओलांडून आली आणि पदर सावरून समोर बसली. एकदा गावाबाहेर कपाशीच्या बांधावर, धुऱ्यावर, गेली, तर वेचणीला निघालेल्या बायांनी आपल्यातली एक म्हातारी मागे ठेवली. म्हातारीने तिला बोरं दिली. तिने ती खाल्ली, कारण प्रार्थना करतानाही बोरं नाकारणं उद्धटपणाचं वाटलं... आणि बोरं चांगली होती, हेही खरं.

नॉर्वेतल्या तिच्या गावी शेजारचं घर दिवा लागला तरच आहे असं कळे. हिवाळ्यात वडील दिवसभरात एखादं वाक्य बोलत. गोठ्यावरच्या गवताच्या माळ्यावर, बाहेर बर्फ पडत असताना, सतराव्या वर्षी तिला देवाचं बोलावणं आलं होतं. शब्द नव्हताच तो. शांततेलाच एक दिशा आल्यासारखं झालं होतं, एवढंच. आणि त्या एवढ्याशावर मी बोटीत बसले. आता ती शांतताच नसेल तर ती दिशा खरी होती का, हे विचारू कोणाला – इथे कोंबडे आहेत, रहाट आहे, सरकीसाठी हंबरणाऱ्या म्हशी आहेत, आणि हातभर अंतरावर मनकर्णाबाई आहेत. मोठ्या बाई विचारतील. मी ‘नाही’ म्हणेन. मग त्या चष्मा पुसतील, आणि पुढल्या बोटीची चौकशी करतील...

घरूनच शिकून आलेल्या मराठीत तिने वाक्य रात्रीच जुळवून ठेवलं होतं. ते तिने म्हटलं, “मला एकटीला बसायचं आहे.”

“बस ना,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “म्या का धरून ठेवलं का तुले?” आणि पुढची शेंग घेतली.

“मी देवाशी बोलते.”

“बोल. मले का समजते तुही बोली?”

किसनरावांची बायको कोकिळा चहा घेऊन दारात आली होती. तिने हसू दाबलं, पण कप हिंदकळला.

“तिले सांगून फायदा नाई, बाई,” कोकिळा म्हणाली. “आज सांजलोक ते हटत नसते. मंग जाते आपसूक.”

“काऊन?” एलेनने विचारलं. ‘का’साठीचा हा शब्द तिने इथेच उचलला होता.

“तुमच्यासंगं पाठराखीण नाई आली ना.” एलेनला कळलं नाही हे पाहून कोकिळा उंबऱ्यावर टेकली. “पोरगी नवी सासरी जाते तं एकटीले धाडत नाई. माहेरची एक बाई संगं येते, चार-पाच रोज. मी वरवट बकालहून आली तवा माही मावशी आल्ती.”

“ती काय करते?”

“काई नाई. बसते.” कोकिळाने जरा विचार केला. “नवरीले रडू आलं तं तिच्यापाशी रडते. अन् ते कोणाले सांगत नाई. मावशीनं माह्या मायलेबी नाई सांगतलं.”

“पण मी नवरी नाही.”

“परक्या मुलखात तं आली ना,” मनकर्णाबाई मान वर न करता म्हणाल्या. “एवढ्या दूर पोरीले धाडलं, अन् संगं एक बाई नाई देल्ली. कशी माय आहे वं तुही?”

आईने लोकरीचे मोजे दिले होते, चार जोड. हे मराठीत सांगावं असं तिला वाटलं आणि मग एकदम हसूच आलं, पोटातून, चहा सांडेपर्यंत. कोकिळाही हसली, कशाला ते न कळता. आणि त्या हसण्यातच तिला परवाची सकाळ आठवली. डोळे मिटले होते आणि पाणी थांबत नव्हतं, बराच वेळ. प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. आपण काय जेवलो हे आपले हात धुऊन व्हायच्या आत विहिरीवर पोचतं अशी ही गल्ली – पण त्या रडण्याबद्दल ना अमीनाने विचारलं, ना कोकिळाने. त्यांना माहीतच नव्हतं. शेंगा सोलण्याचा आवाज तेव्हा थांबला होता का? नाही... उलट जरा मोठा झाला होता, आता कळतं, रस्त्यावर हुंदका जाऊ नये इतका.

मोठ्या बाई दुपारच्या एस.टी.ने आल्या, छत्री, पिशवी आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांसह. ओट्यावर चढता चढता त्यांनी आपल्या चोख मराठीत मनकर्णाबाईंनाच विचारलं, “कशी आहे आमची मुलगी? सकाळची एकटी बसते ना?”

एलेन त्यांची पिशवी घ्यायला पुढे झाली.

“बसते ना,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “पायटी उठते अन् बसते.”

“एकटीच?”

“तं काय. कोणीच नसते तिच्यापाशी.”

मनकर्णाबाईंच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती हलली नाही. मोठ्या बाईंनी समाधानाने मान हलवली आणि एलेनकडे वळून, त्यांच्या दोघींच्या भाषेत, हळूच विचारलं, “हो का?”

म्हणजे ही मला झाकते आहे, एलेनला वाटलं. आणि लगेच वाटलं, छे, झाकत नाही – तिच्या लेखी ती खरंच सांगते आहे. नवरीजवळ पाठराखीण असते तेव्हा नवरी एकटीच असते. पाठराखीण मोजत नाहीत. आणि माळ्यावर त्या दिवशी बर्फाखाली, मी एकटी होते असं मी कशावरून धरून चालले? कोण जाणे, तिथेही कोणी हातभर अंतरावर काहीतरी सोलत बसलं असेल, न बोलता... हे शास्त्रात बसतं की नाही, ठाऊक नव्हतं. मोठ्या बाई वाट पाहत होत्या.

“हो,” ती म्हणाली.

खोटं बोलल्याची धडधड तिला अपेक्षित होती. ती आली, पण अर्धवट आली, आणि तिच्यात काहीतरी खट्याळसं मिसळलेलं होतं. तिने मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

ऊन उतरल्यावर मोठ्या बाई किसनरावांशी खोलीच्या छपराबद्दल बोलायला आत गेल्या. मनकर्णाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, लुगडं झटकलं. “झालं माहं,” त्या म्हणाल्या. “आता उद्यापासून बस तुह्या मनानं.” आणि त्या परसात गेल्या, मागे वळून न पाहता, बहुधा पाठराखिणीने तसंच जायचं असतं.

ओटा मोकळा झाला. गल्लीत कोणी नव्हतं, अमीनाची गच्चीही रिकामी होती. हवी होती ती घटका ही, अगदी हीच, आणि ती आयती समोर आली होती. एलेनने गुडघे मुडपले, हात जुळवले आणि डोळे मिटले – या वेळी पुरते. शांत होतं. आत कुठेतरी ती कान देऊन थांबली. कोणासाठी थांबलो आहोत, हे मोठ्या बाईंनी आता विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण थांबणं बरं वाटत होतं, आणि घाई नव्हती.