न घडलेल्याचा हिशोब

मित्रांनो, बेळगावच्या वडगाव भागात विणकरांच्या एका गल्लीत छोटा धर्मादाय दवाखाना आहे. तिथल्या कपाटावर पट्टा लावलेला, ओरखडे पडलेला एक निळा डबा दिसतो. तो मी. लस गार ठेवणं हे माझं काम. जाड भिंती आणि घट्ट झाकण मला कारखान्यात मिळालं, पण मला कामाला लावलं ते समता सिस्टरांनी.

सिस्टर मूळच्या निपाणीच्या. त्यांनी दवाखाना चालवणाऱ्या मंडळाच्या मागे लागून गल्लीतल्या वयस्कर माणसांसाठी फ्लूची लस सुरू केली. दर उन्हाळ्यात मला खांद्याला अडकवून त्या घरोघर फिरत. साड्या विणणाऱ्या इंदुताई माग थांबवून आधी नवऱ्याला पुढे ढकलत. "ह्यास्नी आधी टोचा गं. सुईला लई भ्यात्यात." नागोजी डोळे मिटून घेत आणि सगळी गल्ली हसे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका वर्षी मंडळाची बैठक भरली. मी टेबलावरच होतो. अध्यक्ष मारुतीराव म्हणाले, "गेल्या साली गल्लीत कोण आजारीच पडलं न्हाय. मग एवढा खर्च कशापायी?"

"आप्पा, लस दिली म्हणूनही तसं झालं असेल," सिस्टर म्हणाल्या.

"असंल बी, नसंल बी. जे घडलंच न्हाय, त्याचा हिशोब मी कसा मांडू?"

मारुतीराव वाईट माणूस नव्हते. त्या पैशांत त्यांनी दवाखान्याचं गळकं छप्पर दुरुस्त केलं. मला मात्र कपाटावर ठेवून दिलं.

उन्हाळा सरत आला तशा इंदुताई दवाखान्याच्या दारात आल्या. "आक्का, यंदा सुई कवा येणार गं?"

"यंदा नाही, मावशी."

"बरं. फुडल्या साली घीन की," असं म्हणून त्या गेल्या. तो आवाज अजून माझ्या रिकाम्या पोटात घुमतो.

पावसाळ्यात फ्लू आला. इंदुताईंचा ताप छातीत उतरला. त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. कृत्रिम श्वासावर ठेवलं. नागोजींनी आधी दागिने मोडले, मग माग विकला. तरी इंदुताई घरी आल्या नाहीत. लस मिळाली असती तर त्या नक्की वाचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. कुठलीच लस तसा शब्द देत नाही. पण त्यांना ती संधीसुद्धा मिळाली नाही.

पुढच्या बैठकीत सिस्टर एवढंच म्हणाल्या, "आप्पा, इंदुमावशींच्या एका आजारपणाला जेवढा पैसा गेला, त्यात सगळ्या गल्लीला कितीतरी वर्षं लस देता आली असती."

मारुतीरावांनी एकदा वर, दुरुस्त केलेल्या छपराकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "डबा धुऊन घ्या सिस्टर."

आता मी पुन्हा फिरतो. पण गल्लीत पहिल्यासारखं कोणी हसत नाही. इंदुताईंच्या घरापाशी आलं की सिस्टर थांबतात, आत कान देतात. आत आता माग वाजत नाही.

नागोजी आता उद्यमबागेतल्या एका कारखान्यात राखणदारी करतात. लसीच्या दिवशी ते रजा घेतात आणि आमच्या पुढे गल्लीत फिरतात. कोणाला समजावत नाहीत, रागावत नाहीत. म्हातारं माणूस "नको रं बाबा" म्हणालं, की नुसते त्याच्या दारात उभे राहतात. ते माणूस दंड पुढे करेपर्यंत हलत नाहीत. त्यांच्या नजरेला नजर देणं कोणालाच जमत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी थकलेलं माणूस असेल. लसीविषयी डॉक्टरांना विचारा आणि त्याचा हात धरून त्याला घेऊन या. कोणी आजारी पडलं नाही, घर नेहमीसारखं चालू राहिलं, तर लस वाया गेली असं म्हणू नका. त्या साध्यासुध्या दिवसासाठीच तर ती दिलेली असते.