सामाईक भिंत

आमच्या ह्यांनी आणि मोठ्या भावजींनी तरुणपणी शेजारीशेजारी दोन प्लॉट घेतले. मधली भिंत सामाईक. जो आधी घर बांधेल त्याने ती उभारायची, दुसऱ्याला ती आयती मिळणार. झालं, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली! हे म्हणायचे, दादा मोठा आहे, आधी त्याने बांधावं. भावजी म्हणायचे, धाकट्याला हौस आहे, बांधू दे की. दोघेही एक नंबरचे बेरकी. त्या न बांधलेल्या भिंतीपायी माझा संसार भाड्याच्या खोल्यांत गेला. प्रत्येक घरमालकाचं पालुपद एकच, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मी वर्षानुवर्षं आरसा खुर्चीवर टेकवून, वाकून वेणी घातली.

त्या भागातले सगळेच प्लॉट असे ओसाड. शेवटी पालिकेने ते सक्तीने ताब्यात घेऊन, एकत्र करून मोठी वसाहत बांधायचं ठरवलं. मालकांना मोबदल्यात तिथेच फ्लॅट. मला कोण आनंद झाला! ह्यांच्या मात्र अंगाची लाहीलाही झाली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ जोडीने हरकत घ्यायला निघाले. आपली बाजू भरलेली दिसावी म्हणून आम्हा जावांनाही बरोबर घेतलं.

सुनावणीत दोघे तावातावाने बोलले. कष्टाची जमीन, जिव्हाळा, काय नि काय. अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. स्वतः बांधणार असाल तर तुमचे प्लॉट वगळते म्हणाल्या, काम कधी सुरू करताय? दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

मग बाईंनी विचारलं, मालकिणी कुठे आहेत? बायकांच्या नावावर सवलत मिळते म्हणून प्लॉट आमच्या नावावर घेतलेले, हे दोघेही साफ विसरले होते. आम्ही नव्हतो विसरलो. जाऊबाईंनी मला कोपराने ढोसलं.

"तुमची काही हरकत?" बाईंनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं. ह्यांचा चेहरा खुलला. "इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?"

सगळे हसले. माझे मात्र डोळे भरून आले होते.

आता आमचे फ्लॅट शेजारीशेजारी आहेत, मधली भिंत पालिकेच्या खर्चाने. राहायला आलो त्याच दिवशी मी ह्यांच्या हातात हातोडी दिली. सवयीने हे थबकले.

"घरमालकाला विचारलंस का?"

"ठोका," मी म्हटलं. "मालकीणच सांगतेय."