अठरा कड्या

श्वास हा माणसाचा सृष्टीशी असलेला पहिला आणि शेवटचा संवाद आहे. साचेवाल्यांच्या खोलीतल्या कॅलेंडरवर हे सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. खाली सक्शन पंप विकणाऱ्या कंपनीचा फोन नंबर होता, आणि पान दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टचं होतं.

खोली हॉस्पिटलच्या तळघरात होती, लाँड्री आणि जुन्या फायलींच्या मधोमध. वर कुणाचा सीटी स्कॅन निघाला की तो साचेवाल्यांच्या कॉम्प्युटरवर उतरायचा. मग ते प्रिंटर लावून त्या माणसाचा जबडा, कवटी, मणका, जे हवं असेल ते प्लॅस्टिकमध्ये काढून द्यायचे. कापायच्या आधी सर्जनला हातात धरून बघता यावं, हा उद्देश. त्यांच्या पदाचं खरं नाव इतकं लांबलचक होतं की ओळखपत्रावर ते मधेच तुटायचं. म्हणून सगळे आपले साचेवाले म्हणत.

त्याआधी वीस वर्षं त्यांनी कवळ्या बनवल्या होत्या. वीस वर्षं एकच धंदा केला की तो बोटांत मुक्कामाला येतो, आणि नोकरी बदलली तरी हलत नाही. कवळीवाल्याचं एकच तत्त्व असतं: जिथं काही नाही तिथं बसवून द्यायचं, आणि असं बसवायचं की ते जन्मापासून तिथंच होतं असं वाटावं.

सोमवारी एका सात वर्षांच्या मुलीच्या गळ्याचा स्कॅन आला. मुलीला जन्मतःच असा सिंड्रोम होता की कवटीची जी हाडं सावकाश जुळायची, ती घाईघाईनं जुळून मोकळी झाली होती. त्यामुळे कपाळ पुढं आलेलं, डोळे पुढं आलेले, चेहऱ्याचा मधला भाग मात्र मागंच राहिलेला आणि नाकातली वाट सुईच्या नेढ्याएवढी. झोप लागली की तिचा श्वास अडायचा. गुरुवारी सकाळी सर्जन तिच्या गळ्याला पुढून छेद देऊन थेट श्वासनळीत ट्यूब बसवणार होते. श्वासनळीला एकाखाली एक कूर्चेच्या कड्या असतात, व्हॅक्युम क्लीनरच्या नळीला असतात तशा. छेद घेतात तो दोन कड्यांच्या मधल्या मऊ फटीत. फट चुकली तर काय होतं हे साचेवाल्यांना नेमकं ठाऊक नव्हतं. पण ते सांगताना डॉक्टर लोक आवाज खाली आणत, यावरून त्यांनी काय ते ओळखलं होतं.

मॉडेल प्रिंटरमधून बाहेर आलं आणि साचेवाल्यांना हसू आलं. एकही कडी नाही! वरपासून खालपर्यंत सरळसोट नळी, नळाला लावतात तशी. पोरगी स्कॅनच्या वेळी हलली असणार आणि मशीननं सगळं सपाट करून टाकलं असणार. त्यांनी ते मॉडेल भंगाराच्या पेटीत टाकलं. मग कुणा धडधाकट माणसाच्या जुन्या फाइलमधून कड्या उचलल्या, मुलीच्या मापाच्या केल्या आणि नीट बसवल्या. मोजून अठरा. अंतर सारखं, कडा गुळगुळीत. इतकं देखणं काम त्यांच्या हातून कवळीतही झालं नव्हतं. मंगळवारी सकाळी मॉडेल वर गेलं. वरून कुणीतरी मोबाइलवर अंगठा पाठवला.

दुपारी ते डबा उघडत होते, तेव्हा भंगाराच्या पेटीत कुणीतरी घोरलं.

शेजारच्या खोलीत खुर्ची ओढावी तसा लांब, खरवडत आत जाणारा श्वास. मग बारीकसा बाहेर. मग काहीच नाही. साचेवाले नकळत मोजू लागले. अकरावर पोचले तेव्हा पेटी एकदम दचकली, पाण्यात बुडालेल्यानं डोकं वर काढावं तशी, आणि पुन्हा खुर्ची ओढली जाऊ लागली.

त्यांनी एसी बंद केला. प्रिंटर बंद केला. लाँड्रीत जाऊन मशीन चालू आहे का ते विचारून आले. ते बिघडलेलं होतं. शेवटी शिकल्यासवरल्या माणसानं जे करावं ते त्यांनी केलं: पेटीचं झाकण लावून त्यावर कागदाचे दोन गठ्ठे ठेवले. आवाज कागदातून येऊ लागला, एवढाच फरक पडला.

तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, येताना बाथरूमसाठी बल्ब आणा. आणि तिथं कोण झोपलंय?"

"कुणी नाही."

"कुणी नाही कसं? लहान पोर आहे. मधेच थांबतंय बघा. उठवा ना त्याला!"

"अगं, ते पेटीत आहे."

"पेटीत का झोपवलंय?"

साचेवाल्यांनी रेंज नाही असं सांगून फोन ठेवला. त्या दिवशी ते बल्ब विसरले. ते कधी काही विसरत नसत.

बुधवारी दुपारी दारात एक बाई आणि एक मुलगी उभी राहिली. वर कुणीतरी त्यांना रक्त तपासायला "खाली" जायला सांगितलं होतं, आणि जितकं खाली जाता येतं तितकं त्या आल्या होत्या. बाईच्या गळ्यात मोजपट्टी होती. कामावरून तशीच उठून आलेली शिंपीण. मुलीचं कपाळ आणि डोळे बघितल्याबरोबर साचेवाल्यांनी तिला ओळखलं. आतून ते तिला सोमवारीच भेटले होते.

"रक्ताचं एक मजला वर आहे, ताई. बसा जरा, दम घ्या."

मुलगी स्टुलावर बसली. तिचा श्वास खोलीभर ऐकू येत होता.

"घरी सगळे हिला इंजिन म्हणतात," आई म्हणाली.

"मामा म्हणतो," मुलगी म्हणाली. "मी त्याला डबा म्हणते."

एवढं बोलून ती भिंतीला टेकली आणि मिनिटभरात झोपली. रात्री झोप होत नाही, आईनं सांगितलं, म्हणून दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. खुर्ची ओढल्याचा आवाज सुरू झाला. पेटीतूनही.

आईनं पेटीकडे बघितलं.

"दादा, हिचा आवाज तिथून कसा येतोय?"

"प्रतिध्वनी आहे. तळघर ना."

"प्रतिध्वनी मागनं येतो. हा आधी येतोय."

साचेवाल्यांनी कान दिला. खरंच होतं. पेटी किंचित पुढं होती. पेटी श्वास घ्यायची आणि मुलगी तो गिरवायची. मग दोन्हीकडे शांत झालं. साचेवाले अंगठ्यानं पेरं मोजू लागले. आई खिडकी नसलेल्या भिंतीकडे बघत होती, तिला मोजावं लागत नव्हतं. तिनं मुलीच्या पायाला लावायला स्वतःचा पाय उचलला, आणि तो लागायच्या आतच पेटी दचकली. मग पाय लागला. मग मुलगी दचकली आणि डोळे चोळू लागली.

"अकराला उठवायचं," आई म्हणाली. "बारापर्यंत थांबलं की ओठांचा रंग बदलतो."

बाईला धीर यावा म्हणून साचेवाल्यांनी आपलं काम दाखवायचं ठरवलं. स्क्रीनवर मॉडेलचा फोटो लावला.

"हे काय?" आईनं विचारलं.

"हिची श्वासनळी. उद्या डॉक्टर हेच बघून कापणार."

आई जवळ आली. बराच वेळ तिनं फोटो बघितला आणि पाहुण्यानं हसावं तसं हसली.

"ही हिची नाही."

"ताई, फाइलवर हिचंच नाव आहे."

"असेल. पण हिला या कड्या नाहीत."

"सगळ्यांनाच असतात हो."

"दादा, मी बाह्या शिवते. अस्तराखाली दोरा मुडपला तरी माझ्या बोटाला लागतो. सात वर्षं रोज हिच्या गळ्यावर हात ठेवून झोपतेय. एक कडी लागलेली नाही. नुसती नळी आहे."

मुलगी स्टुलावरून उतरून स्क्रीनजवळ आली.

"काका, तुम्ही माझ्यात दुसऱ्याचं घातलंत?"

साचेवाले कॉम्प्युटरकडे वळले. त्यांनी मूळ स्कॅन उघडला आणि एकेक काप खाली सरकवत नेला. मुलगी हलली नव्हती. जबड्याची कड लख्ख, दात लख्ख, आणि श्वासनळीची भिंत वरपासून खालपर्यंत सलग. फट कुठंच नव्हती. मशीननं जे होतं तेच दाखवलं होतं. नव्हतं ते त्यांनी बसवलं होतं. उद्या कुणीतरी हातात सुरी घेऊन, त्यांनी मन लावून बनवलेली फट या मुलीच्या गळ्यात शोधणार होतं.

त्यांनी दोघींना जिना दाखवला, पेटीवरचे गठ्ठे उतरवले आणि सपाट मॉडेल बाहेर काढलं. ते कोमट होतं. आतून दमट, आरशावर फुंकर मारल्यासारखं. एप्रनच्या खिशात घालून ते वर निघाले. लिफ्टमध्ये तीन माणसं त्यांच्या पोटाकडे बघत राहिली.

सर्जन बिस्किट खात होते.

"डॉक्टर, तुमच्याकडं आलंय ते मॉडेल खोटं आहे. कड्या मी घातल्यात."

"किती घातल्यात?"

"अठरा."

"छान बसल्यात."

"त्या पोरीला एकही नाही, डॉक्टर!"

"माहीत आहे मला. मागेच दुर्बीण घालून बघितलंय. या सिंड्रोममध्ये काहींची श्वासनळी अशीच असते, कवटी जुळते तशी तीही जुळून बसते. फट शोधायचीच नाही. भिंतीला खिडकी कापायची. ट्यूबही वेगळी मागवलीय."

साचेवाल्यांना एकाच वेळी हायसंही वाटलं आणि अपमानही.

"मग मॉडेल कशाला सांगितलंत?"

"मी कुठं सांगितलं? ऑफिसनं सांगितलं. पाहणीला समिती येतेय आणि खालचं काचेचं कपाट रिकामं आहे." त्यांनी सपाट मॉडेल हातात घेतलं. "हे ओलं का? फुंकलंत की काय?"

"नाही."

सर्जननी ते कानाशी धरलं. सवयीनं घड्याळाकडे बघत थोडं थांबले.

"हां. हाच तो. उद्या बंद करतो," ते म्हणाले. "धुऊन ठेवा."

गुरुवारी सकाळी साचेवाले ते मॉडेल टेबलावर ठेवून समोर बसले. धुतलं होतं, पण फरक पडला नव्हता. नऊ वीसला खुर्ची ओढल्याचा आवाज संथ झाला. थोड्या वेळानं थांबला. साचेवाले मोजू लागले. अकरा. बारा. वीस. चाळीस. मॉडेल हातात घेतलं तर थंडगार.

लिफ्टची वाट न बघता ते चार जिने चढले. ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर आई बसली होती. तिला तोंडावरून कळू नये म्हणून ते तिच्याकडे न बघता दाराशीच उभे राहिले. कितीतरी वेळानं नर्स बाहेर आली.

"आवाज बंद झालाय," साचेवाले म्हणाले.

"व्हायलाच हवा. ट्यूब बसली, हवा सरळ आत जातेय," नर्स म्हणाली. "पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

आईला आत बोलावलं. काचेतून साचेवाल्यांना दिसत होतं: मुलगी झोपलेली, छाती वरखाली होतेय, आवाज नाही. आई पलंगाशी ताठ उभी होती. दर थोड्या वेळानं तिचा पाय आपोआप उचलला जाई, आणि ती तो पुन्हा खाली ठेवी.

अठरा कड्यांचं मॉडेल काचेच्या कपाटात ठेवलेलं आहे. त्याच्या खाली ऑफिसनं लावलेल्या नावाच्या पट्टीवर 'गुडघा' असं लिहिलंय.