भिंतीवरच्या दांड्याचा राग

मी एक जुना सागवानी दांडा आहे मित्रांनो, आणि सध्या मी रागात आहे. लाकडाला कुठे राग येतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं ऐकावं आणि मग बोलावं.

मी मूळचा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमधला, पायऱ्यांचा कठडा. हमालांच्या तळहातांनी गुळगुळीत झालेला. जिनिंग बंद पडलं आणि मी कामरगावात लखमा सुताराच्या दुकानामागे येऊन पडलो. माझ्यावर त्याची कोंबडी बसायची. त्या काळाबद्दल जास्त विचारू नका.

एक दिवस स्नेहा मॅडम आल्या. त्या इथल्याच, गावच्या शाळेत गणित शिकवतात. पुण्यात शिकायला होत्या तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंकडे त्या बॅले शिकल्या. बॅले म्हणजे परदेशातला जुना शास्त्रीय नाच. मला हातात घेऊन त्या म्हणाल्या, "हाच पाहिजे."

"कपडे वाळू घालाले का, मॅडम?" लखमाने विचारलं.

"नाही लखमाभाऊ. नाच शिकणाऱ्या पोरी धरतीन."

"काहून? पडतेत का?"

"पडू नये म्हणून."

"हे कसलं नाचनं? आमी तं वरातीत काही न धरता नाचतो."

"अन् पडता बी."

लखमा हसला. मग त्याने मला पॉलिशपेपरने असं घासलं की लेकराच्या हाताला एक कुसळ लागू नये. समाजमंदिराच्या हॉलमध्ये, खिडकीखाली, दोन लोखंडी ब्रॅकेटांवर मला बसवलं. संध्याकाळी पोरी यायच्या, चपला दाराशी काढायच्या आणि मला धरून ओळीने उभ्या राहायच्या. कोंबडीनंतर हे फारच मानाचं होतं.

मित्रांनो, या नाचाची रीत घाई करणाऱ्यांना उलटी वाटते. नाचायच्या आधी नीट उभं राहायला शिकायचं. पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून दोन्ही हातांनी मला धरायचं, गुडघे वाकवायचे, सरळ करायचे. गुडघे डगमगायचे थांबले की माझ्याकडे एक बाजू करून उभं राहायचं, एकच हात. मग नुसती बोटं. मग एक दिवस मला सोडायचं. बाजू बदलताना माझ्याकडे तोंड करूनच वळायचं, पाठ दाखवायची नाही. आणि पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहणं सगळ्यात शेवटी. त्याचे बूट वेगळे, पुढून लाकडासारखे टणक. हाडं पक्की झाल्याशिवाय ते पायात घालायचे नाहीत. स्नेहा मॅडमना हे त्यांच्या बाईंनी दिलं, बाईंना त्यांच्या बाईंनी. एकीने दुसरीचा गुडघा हाताने सरळ केला, चढलेला खांदा खाली दाबला, अशी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत कामरगावपर्यंत आली.

अंजू नऊ वर्षांची. घरी मेथीच्या जुड्या बांधायची, तशीच मला आवळून धरायची. मॅडम तिचं एकेक बोट उचलून म्हणायच्या, "दांडा पळून नाही चालला, बाई." मूठ घट्ट आहे म्हणजे पाय अजून तयार नाहीत. हे मला कळत होतं, मॅडमना कळत होतं. तिच्या बापाला कळून घ्यायचं नव्हतं.

बापूराव, अंजूचे वडील. गावाला लागून त्यांचा भाजीचा मळा आहे. माणूस वाईट नाही, हे मला रागातही कबूल करावं लागतं. पण त्यांनी मोबाइलवर टोकावर फिरणाऱ्या पोरी बघितल्या आणि त्यांना धीर निघेना.

"आमची अंजू कवा उभी राह्यते टोकावर?"

"अजून दोन-तीन वर्षं तरी नाही, बापूराव."

"तवर काय दांडाच धरते? गॅदरिंगले लोकं दांडा पाहाले येतीन का?"

"येऊ द्या की," मॅडम म्हणाल्या. "चांगला दांडा आहे."

मला बरं वाटलं. बापूरावांना नाही वाटलं.

त्यांनी ते बूट मोबाइलवरून मागवले. एका संध्याकाळी मॅडम शाळेच्या मीटिंगमध्ये अडकल्या होत्या, बाकी पोरी यायच्या होत्या. बापूरावांनी अंजूला आणलं. बूट मोठे होत होते. मग पुढे घरातला कापूस कोंबला, फिती करकचून बांधल्या आणि तिला माझ्यापाशी उभं केलं.

"उठ आता. वर."

अंजू उठली. तिचं सगळं वजन दोन्ही मुठींतून माझ्यावर आलं. माझा ब्रॅकेट करकरला.

"पप्पा, दुखून राह्यलं."

"सुरुवातीले दुखतेच. हात सोड, व्हिडिओ काढतो."

तिने एक हात सोडला. दुसऱ्याने मला आणखी आवळलं. "तोयी सोड ना बेटा," बापूराव म्हणाले आणि एकेक बोट स्वतःच सोडवलं.

घोटा वळला. आवाज झाला. तो मी विसरत नाही.

मॅडम धावत आल्या तेव्हा बापूराव पोरीला उचलून निघाले होते आणि बूट त्यांच्या पिशवीत गेले होते. "घसरली," एवढंच ते बोलले.

पायाला प्लास्टर लागलं. गावात बातमी फिरली की त्या नाचानं पोरगी मोडली. आया पोरींना पाठवेनाशा झाल्या. समाजमंदिराच्या मंडळींनी ठरवलं की वर्ग बंद, दांडा काढून टाका. आणि बापूराव गप्प. इतके गप्प की लखमा पाना घेऊन मला काढायला आला तेव्हा मंडळींबरोबर तेही येऊन उभे राहिले. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी काय बोललो असतो, ते तुमच्यासारख्या लेकरांना सांगण्याजोगं नाही.

मॅडम कोपऱ्यात कॅसेटप्लेअर आवरत होत्या. एवढ्यात दाराशी ऑटो थांबला. अंजूची आजी जिजाबाई नातीला धरून आत आली. अंजू एका पायावर उड्या मारत माझ्यापाशी आली आणि तिने मला दोन्ही हातांनी धरलं.

"सोड बेटा, काम करू दे त्याइले," बापूराव म्हणाले.

"आधी तुमी सांगा, बूट कोनं घातले."

लखमाने पाना खाली ठेवला.

"कोणते बूट?" मॅडमनी विचारलं.

"बोल की," जिजाबाई लेकाला म्हणाली. "कारल्याचा येल कवळा असतानी वढून मांडवावर बांधतोस का तू? देठ तुटते म्हनतोस. मंग पोरीचं काय समजला होता?"

बापूराव म्हणाले, "म्या घातले. मॅडम नोहत्या तवा. त्या नाही म्हनल्या होत्या मले."

मंडळी एकेक करत बाहेर गेली. माफी कोणी मागितली नाही. लखमाने मात्र ढिला झालेला ब्रॅकेट पक्का आवळला आणि मजुरीचं विचारलंसुद्धा नाही.

वर्ग पुन्हा भरतो. काही पोरी आल्या, काही आल्याच नाहीत. प्लास्टर निघाल्यावर अंजू आली. तिच्यामागून आलेल्या पोरी आता एका हाताने उभ्या राहतात. तिला मॅडमनी पुन्हा माझ्याकडे तोंड करून उभं केलं. ती रडली. पाय दुखतो म्हणून नव्हे, मागे पडली म्हणून. आसवं माझ्यावर पडली. सागाला पाण्याचं काही होत नाही, असं म्हणतात.

पण ती आसवं मी विसरलो नाही, म्हणून माझा राग गेलेला नाही. तुम्ही लहान आहात, तुम्हाला काय सांगू? पण घरी जाऊन मोठ्यांना एवढं सांगा. आम्ही दांडे सोडून दिले जाण्यासाठीच असतो. लेकरू मला विसरून हॉलच्या मध्यावर नाचायला लागलं, की माझं काम झालं. त्या दिवसाची मला तुमच्यापेक्षा जास्त घाई आहे. फक्त तिची बोटं तिला सोडू द्या.