परदेशीपुऱ्यातली अर्धी सतरंजी

मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवण्याआधी पायातलं काढा. मी एक जुनी सतरंजी आहे आणि अर्धी आहे. एका काठाला गोंडे आहेत, दुसऱ्या काठाला कैचीचा घाव. पण 'बिचारी' म्हणाल तर याद राखा, मला ते खपत नाही. मला अक्षरओळख नाही. तरी भांडवल म्हणजे काय, मजूर म्हणजे काय, हे मला तुमच्या मास्तरांपेक्षा नीट ठाऊक आहे. ते सगळं बोलणं माझ्या अंगावर बसून झालेलं आहे.

माझा जन्म इंदूरचा, देश स्वतंत्र झाल्यावर चार-पाच वर्षांनी. अच्युतराव शिर्के यांनी मला विणलं. त्यांचे आजोबा होळकरांच्या पागेत घोडेस्वार होते आणि नातू कापडाच्या मिलमध्ये मागावर. मिलमधून तुटकं सूत रद्दीत निघायचं, ते घरी न्यायची कामगारांना मुभा होती. अच्युतरावांनी दोन वर्षं ते सूत जमवलं, एकेक गाठ मारली आणि घरी माग मांडून मला घडवलं. एक निळा पट्टा, एक लाल, पुन्हा निळा, पुन्हा लाल. मधोमध फूल नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "फूल काढलं की त्याच्यावर बसायला साहेब शोधावा लागतो."

मिलसमोर लाल झेंड्याच्या युनियनची एक खोली होती. तिथे मला अंथरलं. खोलीत एकही खुर्ची ठेवायची नाही, असा नियम होता. एकदा बाहेरगावचा मोठा पुढारी आला आणि खुर्ची शोधू लागला. सूतखात्यातली आनंदीबाई त्याला म्हणाली, "भाऊसाहेब, खुर्ची फाटकाच्या आत आहे, मालकाकडे. हवी असेल तर तिकडे जाऊन बसा." तो मुकाट्याने मांडी घालून बसला. त्याचा पायजमा उंची होता, पण माझा धागा त्यालाही टोचलाच.

कामाची पाळी सुटली की अच्युतराव पुस्तक उघडून वाचून दाखवायचे. पूर्वी विणकराच्या घरात त्याचाच माग असे. मग इंग्लंडात वाफेवरची यंत्रं आली. माग मालकाच्या छपराखाली गेले आणि विणकर नुसते दोन हात घेऊन त्याच्या दाराशी उभा राहिला. लहान लहान पोरं दिवसाचे बारा-चौदा तास राबू लागली. कापडाचे डोंगर झाले, पण विणणाऱ्याच्या अंगात धड सदरा नव्हता. तेव्हा काही माणसांनी विचारलं की यंत्र सगळ्यांच्या मालकीचं का असू नये? त्यांना लोक समाजवादी म्हणू लागले. त्यांच्यातले जे म्हणाले की मालक मागून देणार नाही, उलथवूनच घ्यावं लागेल, ते कम्युनिस्ट. रशियात मजुरांनी राजाला खाली ओढलं, तेव्हा ती बातमी जगातल्या प्रत्येक गिरणीच्या फाटकापर्यंत पोचली. आमच्याही.

पुढे त्याच रशियात मजुराला तोंड उघडायची चोरी झाली, हेही माझ्यावरच बसून कोणीतरी हळू आवाजात सांगितलं होतं. मी दोन्ही ऐकून घेतलं. सतरंजीला सगळ्यांचंच वजन सोसावं लागतं.

पण इतकं खरं की आमच्या खोलीतली माणसं एकत्र बसली म्हणून गरोदर बायांना सुट्टी मिळाली, हात तुटलेल्याला भरपाई मिळाली. अनंत चतुर्दशीला त्यांच्या मिलची झांकी, म्हणजे देखाव्याची मिरवणूक, निघायची, तेव्हा देव न मानणारे कॉम्रेडही गणपतीच्या गाडीला खांदा लावायचे. कोणी त्यावरून टोमणा मारला तर अस्सल इंदुरी बोलीत म्हणायचे, "भिया, देव मालकाचा असेल, गाडी आपली आहे."

आता माझ्या घावाचं सांगते. मी बारा वर्षांची होते. वर दिल्लीकडे कम्युनिस्ट पक्षात फूट पडली आणि इथे खोलीतही दोन तट झाले. कोणता देश खरा समाजवादी, यावरून महिनाभर भांडण चाललं. कपाट एकाने घेतलं, पेटी दुसऱ्याने. उरले मी. दोन्हीकडचे म्हणाले, सतरंजी आमची. जन्मभर बरोबरीच्या गोष्टी करणारी माणसं ती! त्यांनी दोरी घेतली, मला बरोबर मधोमध मोजलं आणि कैची चालवली. अच्युतराव दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "छान. वाटणी अगदी समाजवादी झाली." त्याच वर्षी संप झाला आणि पंधरा दिवसांत फिसकटला. अर्धे फाटकाबाहेर होते, अर्धे आत. माझा दुसरा भाग कोळशाच्या वखारीत सडून गेला.

पुढे मिल बंद पडली. अच्युतरावांनी मला घरी आणलं. ते गेल्यावर माझ्यावर गहू वाळले, शेजारच्या लग्नात आचाऱ्याने कांदे चिरले. नंतरची सतरा वर्षं मी घडी होऊन कूलरखाली होते. त्या काळाबद्दल मला काही बोलायचं नाही.

मला बाहेर काढलं ते अच्युतरावांच्या सुनेने, शैलजाने. तिचं वय सत्तरीचं आणि जीभ विशीची. परदेशीपुऱ्यात तिच्या घराच्या ओट्यावर दुपारी सावली असते. मोबाईलवरून मागवलेलं जेवण घरोघरी पोचवणारी पोरं तिथे गाड्या लावून ऑर्डरची वाट बघतात. कोणाचा शर्ट नारंगी, कोणाचा लाल, कोणाचा हिरवा, जशी कंपनी तसा रंग. शैलजा त्यांना पाणी देते आणि बोलणीही.

त्यांच्यातला आशिष एक दिवस गाडीशिवाय आला. झालं होतं असं, की हिरव्या शर्टातला भूषण गाडीवरून पडला, डोकं फुटलं. आशिषने त्याला उचलून दवाखान्यात नेलं. पिशवीतलं जेवण थंड झालं. कंपनीने आशिषची आयडी बंद केली. म्हणजे मोबाईल हातात, पण काम नाही. गाडी हप्त्याची, हप्ता आता भावाच्या गळ्यात, म्हणून ती भावाने नेऊन ठेवली.

"ऑफिसात जाऊन सांग की," शैलजा म्हणाली.

"ऑफिसच नाहीये काकू. चॅटवर लिहिलं तर मशीन जवाब देते. आपके धैर्य के लिए धन्यवाद, म्हणते."

मिलला निदान फाटक तरी होतं, मित्रांनो. शिव्या कुठे तोंड करून द्यायच्या ते ठरलेलं होतं.

पोरांनी मोबाईलवर ग्रुप केला. बुधवारी चारला बसायचं, सगळ्यांनी आशिषसाठी काम थांबवायचं. त्रेचाळीस जणांनी होकाराचा अंगठा टाकला. बुधवारी चार वाजता आले पाच. अंगठा टाकला म्हणजे जाऊन आलो, असं बाकीच्यांना वाटलं होतं.

शैलजाने मला झटकलं, ओट्यावर अंथरलं आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. जो दिसेल त्याला दंडाला धरून आणलं. "तुझा अंगठा मोबाईलमध्ये आला, बाकीचा तू कुठे आहेस रे?"

आशिष सोडून एकोणीस जण झाले. पण बसेनात. एकाचा मोबाईल वाजला की तो उठे.

"काकू, ऑर्डर आला, निकलतो."

"निघ. इथे सगळ्यांचे मोबाईल वाजतायत. फक्त आशिषचा वाजत नाही. ते ऐक आणि मग निघ."

तो थांबला. मोबाईल उलटा करून खाली ठेवला. नारंगी, लाल, हिरवे, सगळे शर्ट मांडीला मांडी लावून बसले. एकोणीस मोबाईल माझ्या अंगावर तासभर थरथरत होते. असं मला कोणी हलवलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस त्या भागात दुपारचं जेवण कोणाकडे वेळेवर पोचलं नाही. तिसऱ्या दिवशी आशिषची आयडी चालू झाली. कंपनीने कारण दिलं नाही. पोरांनी पेढे वाटले आणि ग्रुप थंड पडला.

गेल्या आठवड्यात त्यांच्यातल्याच श्रेयाची आयडी बंद झाली. एका घरात जेवण आत आणून द्या म्हणाले, ती दारातच थांबली, म्हणून. शैलजाने पुन्हा मला अंथरलं. आठ जण बसले. आशिष आला तो गाडीवर. पाठीला पिशवी, हातात वाजता मोबाईल. तो ओट्याखालीच उभा राहिला. श्रेया त्याच्याकडे बघत नव्हती.

"काकू, माझी अभी-अभी चालू झाली आहे," तो म्हणाला. "परत बंद केली तर?"

शैलजाने टोमणा मारला नाही. "तर परत बसू," म्हणाली.

बराच वेळ तो मोबाईल वाजत राहिला. मग आशिषने गाडी स्टँडवर लावली आणि बुटाची लेस सोडायला वाकला.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर फार काही लागत नाही. महिन्यातून एकदा ऊन दाखवा, गोंडे ओढू नका आणि कैची लांब ठेवा. घडी करून मात्र ठेवू नका, सतरंजीला कसर लागते ती घडीतच. श्रेयाच्या आयडीचं काय होणार, ते अजून ठरलेलं नाही. आज बुधवार आहे, चार वाजत आलेत. शैलजाचे गुडघे दुखतायत. तुम्ही आलाच आहात, तर एक टोक धरा.