सरोजकाकूंचा अर्धा स्पंज

जरा कल्पना करा. तुम्ही एका काचेच्या खोलीत राहताय. खोलीला मोरी नाही, संडासही नाही. जेवण वरून पडतं, ते खायचं आणि बाकीचं सगळंही तिथंच उरकायचं. हसू नका, घरातल्या टाकीत माशाचं आयुष्य असंच असतं. ती खोली काही दिवसांतच राहण्यालायक उरायची नाही. तरीही टाकीतले मासे वर्षानुवर्षं जगतात, कारण त्यांच्या शेजारी डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. तो माशांनाच विषारी असतो. जिवाणूंचं मात्र ते जेवण. ते नुसत्या पाण्यात फारसे राहत नाहीत, कशाला तरी चिकटून राहतात. म्हणून फिल्टरमध्ये भोकाभोकांचा स्पंज आणि सच्छिद्र रिंग ठेवतात. ती त्यांची घरं.

सान्वीला हे माहीत नव्हतं. ती पाचवीत आहे, डोंबिवलीत मानपाडा रस्त्याला राहते. तिच्याकडे दोन गोल्डफिश आहेत. पिवळट आहे तो लिंबू, केशरी आहे तो गाजर.

घट बसायच्या आधी तिच्या घरी सगळं धुऊन काढतात. डबे, पडदे, पंख्याची पाती, देवाची भांडी. आजीनं, म्हणजे गोदूबाईंनी, सगळ्यांना कामं वाटून दिली आणि माशांची टाकी सान्वीच्या वाट्याला आली. सान्वीनं फिल्टर उघडला. आतल्या रिंग तपकिरी आणि बुळबुळीत झाल्या होत्या. तिनं त्या नळाखाली धरून ब्रशनं पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत घासल्या. स्पंज तर इतका काळा होता, की तिनं तो कचऱ्यातच टाकला.

"अगदी खडीसाखरेसारख्या केल्यास गं," आजी म्हणाली. सान्वी दिवसभर खूश होती.

नवरात्र सुरू झालं आणि दोन-तीन दिवसांतच मासे पाण्याच्या अगदी वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. लिंबू अधूनमधून खाली जायचा. गाजर मात्र एका कोपऱ्यात तिरका तरंगत राहिला. आई टिटवाळ्याला मावशीकडे गेली होती, बाबा ठाण्याला ऑफिसात. सान्वी समोरच्या विंगमधल्या सरोजकाकूंना घेऊन आली. काकू बँकेत आहेत, आणि त्यांच्या घरी दिवाणखान्याच्या भिंतीएवढी माशांची टाकी आहे.

"रिंग नळाखाली धुतल्यास?" काकूंनी विचारलं.

"हो. ब्रशनं."

"साबण?"

"नाही लावला."

"तेवढं तरी बरं केलंस."

काकूंनी छोट्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं आणि बाटलीतले थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते हिरवं झालं.

"अमोनिया साठलाय. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपल्याला ते चालतं, पण तुझे जिवाणू मेले. राहिलेले तू घासून काढलेस."

"पण घाण होती ती."

"दिसायला घाण. तेच होते ते."

काकूंनी टाकीतलं थोडं पाणी काढलं आणि स्वतःच्या टाकीसाठी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं, क्लोरीन उडून गेलेलं पाणी आणून ओतलं. "यानं जरा आराम पडेल. पण मासे आहेत तोवर अमोनिया होतच राहणार, आणि तो खायला कुणी नाही."

तेवढ्यात बाबांचा फोन आला. सान्वीनं दुपारीच त्यांना सगळं सांगितलं होतं. ते ऑफिसातून निघून ठाण्यातल्या माशांच्या दुकानात उभे होते.

"सानू, इथे सिरॅमिक रिंग आहेत, लाव्हाचे दगड आहेत, प्लॅस्टिकचे बॉलपण आहेत. दुकानदार म्हणतो, रिंग बेस्ट. काय घेऊ?"

"सगळ्यात लवकर काम करेल ते."

काकू फोनजवळ सरकल्या. "मितेश, चांगलं सगळंच आहे. पण आज यातलं काहीही काम करणार नाही." मग सान्वीकडे वळल्या. "मावशीची नवी बिल्डिंग पाहिलीस ना? शेजारच्या बिल्डिंगा कशा आहेत?"

"रिकाम्या. रात्री दिवेच नसतात."

"दुकानातला माल तसा असतो. घरं झकास, माणसं यायचीत. महिना तरी जातो."

"आणि तोवर गाजर?"

काकूंनी वाकून गाजरला नीट पाहिलं. "माझ्या फिल्टरमधला स्पंज जुना आहे. अर्धा कापून देते. त्यात राहणारे आहेतच."

आजी समई लावून बाहेर आली होती. "कुणाच्या घरचा मळका स्पंज? घट बसलेत घरात."

"आजी, मळ नाही तो," सान्वी म्हणाली. "विरजण आहे. आपलं दही बिघडलं की तू शेजारून विरजण आणतेस ना? तसंच."

आजीला ते लगेच पटलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

"विरजण आहे, तर मग आत्ता नाही. दिवे लागलेत. दिवेलागणीनंतर कुणाच्या घरातून विरजण नेत नाहीत, त्या घरची बरकत जाते. नवरात्रात सरोजच्या घरची बरकत आपण आणायची?"

"गोदूकाकू, माझं काही म्हणणं नाही हो," सरोजकाकू म्हणाल्या.

"तुझं नसेल. माझं आहे. सकाळी आणा."

"सकाळपर्यंत केशरी मासा राहील असं मी सांगू शकत नाही."

आजी टाकीजवळ गेली. गाजर काचेला टेकून होता. तिनं वाकून त्याच्याकडे पाहिलं, पण मान नकारार्थीच हलवली.

सान्वी फिल्टरकडे बघत होती. मग तिनं त्यातल्या सगळ्या पांढऱ्या रिंग एका वाटीत काढल्या.

"काकू, या रिंग तुमच्या टाकीत ठेवल्या तर?"

"तर हळूहळू त्यांच्यावर जिवाणू बसतील. छानच आहे की."

"मग मी काही मागत नाहीये, आजी. काकूंच्या घरी या जातील, आपल्याकडे स्पंज येईल. शेजारून वाटी आली की तू ती कधी रिकामी परत पाठवत नाहीस. इथं तर आपली वाटी आधी जातेय."

"वकील व्हायचीस तू," आजी म्हणाली. "आधी वाटी त्यांच्या घरात ठेव. मगच दुसऱ्या वस्तूला हात लाव."

"आणि मी काय घेऊ?" फोनमधून बाबांनी विचारलं. ते अजून दुकानातच होते.

"काही नको. तुम्ही या," सान्वी म्हणाली.

सांगितल्याप्रमाणे तिनं आधी रिंग काकूंच्या टाकीत सोडल्या. काकूंनी स्पंज कापला आणि वाटेत सुकू नये म्हणून टाकीच्याच पाण्यात बुडवून डब्यातून दिला. सान्वीनं तो न धुता, न पिळता फिल्टरमध्ये बसवला. पाण्यात तपकिरी धूर पसरला. आजीनं तोंड वाकडं केलं.

सकाळी लिंबू तळाशी खडे चाळत होता. गाजर अजून वरच होता, पण सरळ पोहत होता. काकूंच्या थेंबांनी नळीतलं पाणी आता फिकट हिरवंच झालं. दुपारी सान्वी शाळेतून आली तेव्हा दोघंही खाली होते.

आजी माशांच्या दाण्यांची डबी घेऊन टाकीपाशी उभीच होती. "उपाशी आहेत गं कालपासून. चांगलं मूठभर टाकू?"

"आजी, जेवढं जास्त खातील, तेवढा जास्त अमोनिया. अर्धाच स्पंज आहे आपल्याकडे."

सान्वीनं डबी घेतली, प्रत्येकाला दोन-दोन दाणे टाकले आणि झाकण घट्ट लावलं. मग आजीच्या पसरलेल्या हाताकडे न बघता तिनं स्टूल ओढलं आणि ती डबी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली.